हिरव्या पडद्याची परीक्षा

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात व्हर्च्युअल सर्व्हरवर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर आहे. सगळं ठीक असलं की पडदा हिरवा, काही बंद पडलं की लाल. त्यातली चूक दुरुस्त करणारा पॅच टाकायला एका रविवारी दुपारी एक माणूस आला. बूट काढून खुर्चीवर चक्क मांडी घालून बसला.

पॅच टाकून झाला. पडदा हिरवागार. मी म्हटलं, "झालं ना? चला, चहा घेऊ."

"थांबा ओ." त्याने चाचणीसाठी ठेवलेला एक सर्व्हर मुद्दाम बंद केला आणि हाताची घडी घालून बघत राहिला. पडदा हिरवाच!

"हा लाल होतो का ते बघितल्याशिवाय याच्या हिरव्यावर मी विश्वास ठेवत नाय," तो शांतपणे म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. शेवटी पडद्यावरचा त्या सर्व्हरचा चौकोन लाल झाला, तेव्हा गालात हसला. "आता चहा."

संध्याकाळी कळंबोलीला एकट्या राहणाऱ्या बाबांना नेहमीसारखा फोन केला.

"सगळं बरंय," ते नेहमीसारखंच म्हणाले.

मी फोन ठेवणार होतो, पण ठेवला नाही. "बाबा, आज जेवायला काय केलं होतंत?"

"सकाळी चहा घेतलेला," ते म्हणाले.