कान कापलेलं कार्ड

बिभीषण शिंगाडेला औरंगपुऱ्याच्या त्या गल्लीत सगळे ‘इंजिनिअर’ म्हणत. तो इंजिनिअर नव्हता. पाचोडच्या अलीकडच्या धनगरवस्तीवर त्याच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली आणि बिभीषणानं आप्पासाहेबांच्या टँकर-ऑफिसातला एक संगणक राखला, एवढाच काय तो दोघांत फरक. बापाला अंधारात नुसत्या खोकण्यावरून मेंढी ओळखू यायची. बिभीषणाला पंखा घरघरला की संगणकाचं कुठं दुखतंय ते कळायचं. संगणक अकरा वर्षांचा, म्हणजे मेंढीच्या हिशोबानं पणजी झालेला. पण रोज सकाळी बिभीषण त्याच्या पाठीवर हात फिरवायचा आणि तो चालू व्हायचा.

२०१६ चा मे महिना. शहरात पाणी कमी आणि इमारती जास्त. बीड बायपासला इमारती अशा उगवत होत्या की पाऊस नेमका सिमेंटवरच पडला असावा. गावाकडच्या विहिरी कोरड्या आणि या इमारतींच्या टाक्याही कोरड्या, त्यामुळं दोघांची नजर एकाच टँकरवर. टँकर जिथं भरतात त्या फिलिंग पॉइंटवर मारामाऱ्या व्हायला लागल्या तेव्हा तिथल्या लोकांनी पाळी संगणकावर आणली. रोज दुपारी बाराच्या आत नोंद पाठवायची. नोंद ज्या क्रमानं येईल त्या क्रमानं टँकर भरायचा. बारा वाजले की दार बंद. आणि एकाच्या नावावर दुसऱ्यानं नंबर लावू नये म्हणून संगणकाची ओळख ठरवली होती ती त्याच्या नेटवर्क कार्डावरून. हे कार्ड म्हणजे इंटरनेटची वायर जिच्यात खुपसतात ती छोटी हिरवी पट्टी. प्रत्येक पट्टीला स्वतःचा वेगळा नंबर असतो.

आप्पासाहेब मोठ्या शेतीवाल्या घरातले. मन मोठं, फुकट शब्दापुढं मात्र लहान मूल. संगणक महिनाभर विचारत होता, नवी सिस्टीम फुकट मिळत्येय, घेता का? बिभीषण रोज ‘नको’ दाबायचा. आदल्या संध्याकाळी बिभीषण लवकर गेला आणि आप्पासाहेबांनी ‘हो’ दाबलं. सकाळी त्याच्या आधी येऊन बसले, तर नव्या सिस्टीमनं विचारलं, जुनी काढून टाकू का? घरात जुनी अडगळ कशाला, म्हणून त्यालाही ‘हो’. म्हणजे परतीची वाटही त्यांनी स्वतःच नांगरून टाकली.

बिभीषण नऊला आला तर पडदा निळाशार, झकपक, आणि इंटरनेट गायब. आप्पासाहेब कौतुकानं म्हणाले, बघ कसं नवरीसारखं सजलंय. बिभीषणाच्या कानात आईचा सकाळचा फोन होता. काल आप्पासाहेबांचा वस्तीकडं निघालेला टँकर वाटेतच स्प्रिंगचा पाटा तुटून उभा राहिला होता. घरात दोन हंडे उरले होते, वाड्यात साठ मेंढरं, आणि त्यातल्या चार व्यालेल्या. आईनं, दगडाबाईनं, तक्रार केली नव्हती. आज टँकर येतो ना, एवढंच विचारलं होतं आणि यानं व्हय म्हटलं होतं.

मग त्यानं कामाला हात घातला. वायर काढून लावली. राऊटर बंद करून चालू केला. राऊटरचा दिवा लागत होता, म्हणजे दोष संगणकातलाच. यादीत कार्डाच्या नावापुढं पिवळा त्रिकोण होता: नव्या सिस्टीमला हे कार्ड कोण ते माहीतच नव्हतं. त्यानं कपाटातून कार्डाची जुनी सीडी शोधली. नव्या सिस्टीमनं ती हुंगली आणि तोंड फिरवलं. त्यानं कार्ड उपसलं, खोडरबरनं त्याचे पिवळे दात घासले, फुंकर मारून परत बसवलं. आप्पासाहेबांनी आपल्याकडून एक उदबत्ती लावली. त्रिकोण तसाच. सव्वादहा वाजले होते.

खालच्या कृष्णाच्या दुकानातून त्यानं नवं कार्ड आणलं. ते लावताच नव्या सिस्टीमनं त्याला जावयासारखं ओळखलं. इंटरनेट सुरू! आप्पासाहेबांनी चहा सांगितला. चहा यायच्या आत फिलिंग पॉइंटच्या पानावर लाल अक्षरं आली: अनोळखी यंत्र, नोंद घेता येत नाही. बिभीषणानं फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला की नव्या कार्डाचा अर्ज द्या, आठ दिवसांत होऊन जाईल. आठ दिवस हा शब्द तो असा म्हणाला, जणू मेंढरं तोवर दुसरं काहीतरी पीत राहतील.

अकरा वाजत आले होते. कृष्णा वर आला, त्यानं सगळं बघितलं आणि खुर्ची ओढली.

“बिभीषणभाऊ, दो मिनिट का काम है. जुन्या कार्डावर नंबर छापलेला आहे ना? तोच नव्याला द्यायचा. सिस्टीममधी जागा असती. त्यांना वाटंल जुनंच आहे.”

बिभीषणाचा हात माऊसवरून खाली आला. हे त्याला येत होतं. चार वर्षांपूर्वीच शिकला होता आणि कधी केलं नव्हतं. वस्तीवर प्रत्येक घराच्या मेंढ्यांच्या कानाला आपली काप असते. शिंगाड्यांची डाव्या कानाला, टोकाशी, दोन बोटं तिरपी. दुसऱ्याच्या मेंढीची खूण कापून बदलणाऱ्याला पंचांनी एकदा वस्तीबाहेर काढलेलं त्यानं लहानपणी पाहिलं होतं. तो माणूस काठी आणि घोंगडी घेऊन निघाला तेव्हा त्याच्याशी कुत्रंही बोललं नव्हतं. खून झाला तर वस्ती वकील बघते. खुणेला हात लावला तर बघत नाही.

तो म्हणाला, खोटी खूण आपण करणार नाय. कृष्णा हसला, मग हसायचा थांबला. बिभीषण पुन्हा जुनं कार्ड जागं करायला बसला. शेजारच्या सायबर कॅफेतून कार्डाची ओळख पटवणारे तीन वेगवेगळे ड्रायव्हर प्रोग्राम पेन ड्राईव्हवर आणून पाहिले. नव्या सिस्टीमनं तिन्ही परतवले. आप्पासाहेबांनी दुसरी उदबत्ती लावली. घड्याळात अकरा चाळीस.

तेवढ्यात फोन वाजला. दगडाबाई.

त्यानं खरं सांगितलं. कार्ड मेलं, दुसरं आणलं, पण त्याला मेलेल्याची खूण करावी लागती, म्हणून थांबलोय. पलीकडं मेंढरांचं बेंबाटणं ऐकू येत होतं.

“मेलेली मेंढी कुणाची?”

“आपलीच.”

“आन् नवी?”

“ती बी आपलीच. आप्पासाहेबांनी इकत घेतली.”

“बाजारातून आणलेल्या मेंढीच्या कानाला काप कोण घालतं रं? आपणच घालतो ना? तुझ्या बापानं जन्मभर तेच केलं. खूण आपली, मेंढी आपली, मंग चोरी कशाची? लई शिकला म्हणून येडा झाला का?” मग ती म्हणाली, “एका हंड्यातलं व्यालेल्यांना पाजलं. लवकर कर बाबा.”

बिभीषणानं जुन्या कार्डावरचा नंबर वाचला, एकेक अक्षर बोटानं टेकवत नव्याला दिला. अकरा एक्कावन्नला पान हिरवं झालं. नोंद गेली. पाळी आली एकेचाळिसावी.

रोज नऊ-सव्वानऊला नोंद जायची तेव्हा ती सहावी-सातवी असायची. आज पुढचे चाळीस बहुतेक बायपासचे होते. आप्पासाहेबांनी ओळखीतल्या दोघांना फोन करून पाळी बदलून मागितली; एकानं पाहुणे आलेत सांगितलं, दुसऱ्यानं फोन उचलला नाही. चहा आला, गार झाला. टँकर साडेसहाला भरला आणि दिवेलागणीनंतर वस्तीवर पोचला. दगडाबाईनं फोनवर सांगितलं की मेंढरं प्याली, माणसंही प्याली. व्यालेल्यातल्या एकीचं कोकरू मात्र दुपारीच गेलं होतं. आईला दूधच नव्हतं. हे तिनं शेवटी सांगितलं, फोन ठेवता ठेवता, आज ऊन होतं अशा सुरात.

अकरा चाळीस होईपर्यंत मी खुणेवर अडून बसलो होतो, एवढंच बिभीषणाच्या डोक्यात फिरत राहिलं.

निघण्याआधी त्यानं जुनं कार्ड पुसलं आणि आप्पासाहेबांच्या टेबलावर ठेवलं. आप्पासाहेबांनी ते उलटंपालटं केलं आणि विचारलं, याचं आता काय करायचं?

“काय नाय. राखोळीची मेंढी, दुसऱ्याची राखायला घेतलेली, रानात मेली तर तिचा कान कापून मालकाच्या पुढ्यात ठेवावा लागतो. इकली नाय, मेलीच, हे दिसायला पायजे.”

आप्पासाहेबांनी ते टेबलाच्या खणात ठेवलं, किल्ली फिरवली, आणि उद्या तू साडेआठला ये, मीही येतो, म्हणाले. संगणकाला हात मात्र लावणार नाही.