कानाशी पिशवी चुरगाळणारी बाई

चाकणची आमची कंपनी जेवढं प्लास्टिकचं पॅकिंग विकते, तेवढं गोळा करून पुनर्वापराला दिल्याचा दाखला सरकारला द्यावा लागतो. त्याच्या तपासणीसाठी मी एका भंगाराच्या गोदामात गेलो होतो.

तिथं पन्नाशीची एक बाई प्रत्येक पिशवी कानाशी चुरगाळून आवाजावरून प्लास्टिकची जात ओळखत होती. मालकानं आमचं दहा टन प्लास्टिक इथं आल्याचा कागद सहीसाठी पुढं केला. मी पेन काढलं.

मान वर न करता ती म्हणाली, “साहेब, एवढा माल इथं आलाच न्हाई. आला असता तर माझ्या हातून गेला असता.”

मालक तिच्यावर खेकसला. ती निवडत राहिली. मी सही न करता परतलो.

आठवड्यानं गेलो, तर तिच्या जागी दुसरीच बाई होती. त्या पहिलीला आता शोधायचं कुठं? मी तर नावही विचारलं नव्हतं.