आभाळ जास्त, पीक कमी

बेंबळीत आमच्याकडे पीक पाहणीचे फोटो काढायला जो येतो, तो आधी पीक बघतच नाही. बांधावर उभा राहून ढगाची वाट बघतो. "थांबा वाईच, सावली सरकू द्या," हे त्याचं ठरलेलं बोलणं. त्याच्या फोटोत वर नुसतं आभाळ, खाली सोयाबीनची हिरवी पट्टी आणि कोपऱ्यात बोटाएवढं पाठमोरं माणूस. मी शाळेत चित्रकला शिकवते. जुनी निसर्गचित्रं मुलांना दाखवते, ती अशीच असतात. तालुक्याच्या ऑफिसला मात्र त्यात पीक दिसत नाही. फोटो परत येतो, मग हा न कुरकुरता पुन्हा येऊन शेंगा टिपतो.

औंदा सासऱ्यांनी बांधावरची चिंच तोडायचं ठरवलं होतं. तिच्या सावलीत पीक धरत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. करवतवाला झाड बघायला आला, त्याच सकाळी हाही आला.

"आबा, जरा चिंचंखाली पाठ करून थांबता का?"

सासरे थांबले. नंतर त्याचा मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिले.

"ही चिंच आपलीच व्हय?"

"तुमचीच की. अन् खाली तुमीच."

सासरे करवतवाल्याला म्हणाले, "च्या घे अन् जा. पुढल्या साली बघू."

तो फोटोही परत आला. दोन दिवसांनी हा शेंगा टिपायला आला, तेव्हा सासरे धुतलेलं धोतर नेसून आधीच चिंचेखाली उभे होते, पाठमोरे.