जावई विकावा की ठेवावा

आमच्या घरी मुलीच्या लग्नाआधीपासूनच एक जावई होता.

विषय नाजूक आहे, म्हणून आरंभीच व्याख्या देतो. (व्याख्येवाचून धडा सुरू केला की ऐकणारे भलतेच काही समजून बसतात. हा नियम मी वर्गात आयुष्यभर पाळला आणि घरात एकदाच मोडला.) हा जावई म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या एका फुटबॉल संघाचा आघाडीचा खेळाडू. माझा मुलगा तुषार त्या संघाचा भक्त आहे. संघाचे कपडे हिरवे, म्हणून आमच्या घरात त्यांना 'हिरवे' म्हणतात. खेळाडूच्या मूळ नावात इतकी जोडाक्षरे एकापाठोपाठ येतात की, शुद्धलेखनाची एवढी सेवा करूनही माझी जीभ मध्यावरच अडखळते.

'जावई' हे नाव मीच ठेवले. हिरव्यांनी त्याला वाजतगाजत आणला, नवे कपडे चढवून त्याचे फोटो काढले आणि आल्या आल्या त्याने पाय मुरगाळून घेतला. मग किती तरी दिवस तो मैदानाच्या कडेला, गुडघ्यांवर पांघरूण घेऊन, बाटलीतून घोट घोट काहीतरी पीत बसलेला दिसे. मी सहज म्हणालो की, आणला थाटात, काम शून्य, आणि खाण्यापिण्याची चंगळ. हा खेळाडू नव्हे, हा तर जावई. शेजारी बियाण्यांचे दुकान चालवणारे दुबेजी त्या वेळी चहा पीत होते. त्यांना ठसका लागला, आणि नाव कायम झाले.

वास्तविक मी त्या खोलीत जात असे तो केवळ समालोचकाच्या हिंदीतली लिंगवचने सुधारण्यासाठी. परंतु यंदाच्या हंगामात जावई अचानक गोल करू लागला आणि माझ्यातला व्याकरणकार मागे पडला. आमगावच्या शाळेत ज्याला कोणी कधी घाईने चालतानाही पाहिले नव्हते, तो मी 'जावयाने मारला, जावयाने मारला' असे ओरडत खुर्चीतून उडी मारू लागलो. सौ. स्वयंपाकघरातून विचारी, "कोणाले मारलं?" तिला दर वेळी नव्याने समजावून सांगावे लागे.

आणि मग तो करार आला.

जावयाचा हिरव्यांशी झालेला करार संपायला अजून अवकाश होता. पण गोल होऊ लागले तसे त्याचे वडील पुढे सरसावले. पोराचे सगळे व्यवहार तेच पाहतात. मानधन वाढवा, नाहीतर पोराला दुसऱ्या संघात जाऊ द्या, अशी त्यांची मागणी. हिरवे म्हणाले, करारात काय लिहिले आहे ते पाहा. त्यावर जावई सरावाला येईनासा झाला. थोडक्यात सांगायचे तर तो रुसला. (मांडवात रुसलेले जावई मी पुष्कळ पाहिले आहेत. मैदानात रुसलेला हा पहिलाच.)

आमच्या बैठकीत तीन पक्ष पडले. तुषार म्हणे, त्याला मनवा. दुबेजी म्हणत, त्याला विका. मी म्हणे, करार म्हणजे करार. त्याला बसवून ठेवा. रोज संध्याकाळी यावर इतक्या तावातावाने चर्चा होई की, रस्त्याने जाणारे लोक आमच्या फाटकाशी सायकलीचा वेग कमी करीत.

अशा भारलेल्या वातावरणात रेवतीला पाहायला पाहुणे येण्याचा रविवार उजाडला.

रेवती ही माझी एकुलती एक मुलगी. तिचे आणि नितेशचे गोंदियाच्या महाविद्यालयातच जमले होते. थोरांचे जमणे तेवढे बाकी होते. नितेशचे वडील खेमराजजी शेतकरी माणूस, सज्जन, पण मानाला फार जपणारे. एका घरी पाण्याचा पेला डाव्या हाताने दिला म्हणून त्यांनी थोरल्या मुलाची सोयरीक मोडल्याचे आम्ही ऐकून होतो. रेवतीने सकाळपासून घरातले सगळे पेले लपवून तांबे काढून ठेवले होते. तांबा दोन्ही हातांनीच द्यावा लागतो, हा तिचा तर्क. मुलगी माझीच आहे.

पाहुणे गाडीने येणार होते. आमच्याकडे पॅसेंजर गाडीची वेळ ही केवळ सूचना मानली जाते, त्यामुळे हाताशी भरपूर अवकाश आहे असे गृहीत धरून मी, तुषार आणि दुबेजी टीव्हीचा आवाज बंद करून जावयावर चर्चा करीत बसलो. त्या दिवशी पॅसेंजर वेळेवर आली.

"बाबा, मनवून पाहाले काय जाते?" तुषार म्हणत होता. "आपल्याले जावई पाहिजेच. त्याच्याशिवाय आपलं काई चालूनच नाई राहिलं."

"अरे, मनाना क्या उसको?" दुबेजींनी मांडीवर थाप मारली. "आत्ता भाव आहे, आत्ताच बेच डालो. पुढच्या साली गुडघा गेला तं फुकट भी कोई नहीं लेगा."

मी उभा राहिलो. मुद्देसूद बोलायचे असले की मला बसून बोलता येत नाही.

"पहिला मुद्दा," मी म्हणालो. "दोष जावयाचा नाही, जावयाच्या बापाचा आहे. देताना एक बोलायचे आणि नंतर दुसरेच मागायचे, हे लोभी माणसाचे लक्षण. दुसरा मुद्दा. रुसला असेल तर खुशाल रुसू द्या. घरात बसवून ठेवा, पण दुसऱ्या घरी जाऊ देऊ नका. तिसरा मुद्दा. हा गेला म्हणून जगबुडी होणार नाही. माझ्या मनात आणखी दोन जावई आहेत. त्यांतल्या एकाला तर बापच नाही. व्यवहार किती सोपा!"

तिसऱ्या मुद्द्याला दाद मिळेल अशी माझी अपेक्षा होती. पण तुषार माझ्याकडे पाहतच नव्हता. तो माझ्या पाठीमागे पाहत होता. मी वळलो. दाराचा पडदा एका हाताने बाजूला धरून खेमराजजी उभे होते, आणि त्यांच्या खांद्यावरून त्यांच्या थोरल्या बहीण कौशल्याबाई डोकावत होत्या.

"चालू द्या, गुरुजी," खेमराजजी म्हणाले. "आमचंच चालून राहिलं दिसते."

"चाल भाऊ," कौशल्याबाई पायरी उतरत म्हणाल्या. "उलटी गाडी येतच असंल."

माणसाने अशा वेळी हात जोडून 'या, बसा' म्हणावे. मी स्पष्टीकरण द्यायला घेतले.

"थांबा, थांबा. आपला गैरसमज होतो आहे. आम्ही ज्या जावयाविषयी बोलत होतो तो आपला नितेश नव्हे. तो जावई वेगळा."

कौशल्याबाई पायरीवरून परत वर आल्या. "वेगळा? मंजे एक जावई हाये तुमाले?"

"आहे ना. मागेच आणला."

"आन पोरी किती तुमाले?"

"एकच," मी म्हणालो. विचारलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर द्यावे, अधिक काही लिहू नये, ही माझी परीक्षेपूर्वीची सूचना सुप्रसिद्ध आहे.

आत स्वयंपाकघरात एक तांबा पडला.

मग मी परिस्थिती सुधारू लागलो. 'जावई' हा शब्द येथे सामान्यनाम म्हणून नव्हे तर विशेषनाम म्हणून योजला आहे, हे मी उदाहरणांसह विशद केले. कौशल्याबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि, विशेष आहे म्हणूनच घरात बसवून ठेवला काय, अशी पृच्छा केली. दुबेजींना आमची दया आली. त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगितले की, बाई, देखो, हाच तो जावई. पडद्यावर आमचा जावई एका मोटारीतून उतरत होता. सोनेरी केसांचा बुचडा बांधलेला, दोन्ही दंड गोंदलेले, आणि बाजूला काळा चष्मा लावलेले तीर्थरूप.

कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "बापा, हा तं इंग्रज हाये."

मी 'तो इंग्रज नसून इंग्रजांच्या शेजारच्या देशातला आहे' ही दुरुस्ती करणार, इतक्यात रेवती बाहेर आली. मुलगी पाहायला आलेल्यांसमोर मुलीने बोलावल्याशिवाय येऊ नये, असा आमच्यात रिवाज. ती आली, माझ्या समोरून गेली आणि थेट कौशल्याबाईंपुढे उभी राहिली.

"आत्याबाई, तो फुटबॉल खेळनारा हाये. कामाचा कमी आन मानाचा जास्त, मनून बाबानं त्याचं नाव जावई ठेवलं. माझं कुठंच काई झालं नाई. झालं तं तुमच्या घरी होईल, नाई तं बाबाचे मुद्दे मोजत मी इथंच बसीन."

कौशल्याबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. "कामाचा कमी, मानाचा जास्त," त्या म्हणाल्या, "माह्या घरी दोन हायेत असे," आणि पदरात तोंड लपवून त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. ज्या खुलाशाला मला अख्खे व्याकरण अपुरे पडले, तो माझ्या मुलीने तीन-चार वाक्यांत आटोपला.

पण खेमराजजी हसले नाहीत. ते बसले, त्यांनी तांब्यातले पाणी घेतले (दोन्ही हातांनी दिलेले), खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसले आणि माझ्याकडे वळले.

"फुटबॉलवाला, समजलं. पण थ्याच्या बापाले लोभी कायले मनलं?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना जावई आधी किती दिवस बसून होता, करार म्हणजे काय, तो किती वर्षांचा असतो, मधेच का मोडता येत नाही, हे सांगितले. पोह्यांच्या ताटल्या मांडून दोन्ही संघही दाखवले. खेमराजजींनी जावयाच्या जागी ठेवलेले लिंबू उचलले आणि हातात धरून ठेवले.

"पोरगं बसून होतं तवा बाप काई बोलला काय? नाई. पोरगं कामाले लागलं, मंग बाप बोलला. पोरगं सोता बोललं तं लोक निर्लज्ज मनतील. मंग पोरासाठी बापानं नाई बोलाचं तं कोनं बोलाचं?"

माझ्यापाशी याचे उत्तर होते. पोरगे बसून असताना हिरव्यांनी मानधन कापले नाही. तेव्हा करार पोराला सोयीचा होता, आता तोच गैरसोयीचा कसा? अत्यंत सुंदर, बिनतोड मुद्दा. तो माझ्या जिभेच्या टोकावर येऊन थांबला होता. दुबेजी पुढे सरकून बसले. तुषार माझ्याकडे पाहू लागला. रोज संध्याकाळी तो याच मुद्द्यावर हरत असे.

आणि मला खेमराजजींमागे उभी असलेली रेवती दिसली. तिने चहाचा ट्रे धरला होता आणि कपबश्या हलकेच किणकिणत होत्या. बाहेर येऊन बिनधास्त बोललेली हीच ती मुलगी. आमच्यासमोर आता पोराच्या मानधनाचा प्रश्न नव्हता. उद्या आपल्या पोरासाठी काही बोलायची वेळ आली तर या घरात आपल्याला लोभी म्हणतील काय, एवढेच खेमराजजींना जाणून घ्यायचे होते. हे मला उशिरा का होईना, पण कळले.

मी आवंढा गिळला. त्याबरोबर तो मुद्दाही गेला.

"आपले म्हणणे बरोबर आहे," मी म्हणालो. "पोरासाठी बापानेच बोलावे. मी चुकीचा शब्द वापरला."

तुषारच्या हातातली ताटली कलंडली. सौ. दारात येऊन, बोलले ते मीच का, याची खात्री करून गेली. खेमराजजींनी लिंबू ताटलीत परत ठेवले, तोवर न दिसलेल्या प्रसन्नतेने ते हसले आणि म्हणाले, "मंग इवाई, साक्षगंधाची तारीख काढा." (इवाई म्हणजे व्याही आणि साक्षगंध म्हणजे साखरपुडा, ही व्याख्या येथेच देऊन ठेवतो.)

मी तारखेविषयी एक सूचना करणार होतो. केली नाही. पाहुणे जाईपर्यंत मी दुसरे काहीच बोललो नाही. एकदा सुरू केले असते तर तो गिळलेला मुद्दा वर आला असता, अशी भीती होती.

त्याचा परिणाम मात्र दूरगामी झाला. खेमराजजींनी आपल्या गावात, नात्यात आणि परतीच्या गाडीतल्या डब्यातही सांगितले की, इवाई मिळाला तर असा मिळावा. एवढा शिकलेला, पण शांत, कमी बोलणारा, दुसऱ्याचे ऐकून घेणारा. साक्षगंधाला त्यांचे यच्चयावत नातलग हा चमत्कार पाहायला आले. एकाने पृथ्वी सपाट असल्याचे मला सांगितले. मी मान डोलावली. दुसऱ्याने 'आशीर्वाद' या शब्दातला 'शी' ऱ्हस्व असतो असे छातीठोकपणे सांगितले. मी मान डोलावली, पण त्या रात्री जेवण गेले नाही.

आज आम्हाला दोन जावई आहेत. एक रुसवा सोडून परदेशात पुन्हा गोल करतो. नितेश फार गुणी मुलगा आहे. त्याच्या घरी गोल करण्याचे काम त्याच्या वडिलांकडे आहे. दर रविवारी ते येतात, बैठकीत बसतात आणि एकामागून एक मुद्दे मारत सुटतात. गोलरक्षक मी. अट एवढीच, की हात वर करायचे नाहीत.