चार शब्दांची कॅसेट

आमच्या घरमालकांच्या घरातून दर रविवारी सकाळी एक बाई पाणी मागायची. "आवो, पानी हाय का?" एवढंच. मागोमाग पुरुषाचा आवाज यायचा, "गप!" आणि मग गाणं सुरू. पावणे गावात आम्ही नुकतेच भाड्याने राहायला आलो होतो. पहिल्या रविवारी मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या रविवारी माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घरात आजारी बाई पाणी मागतेय आणि हा मेला तिला गप बसवून गाणी ऐकतोय! तांब्याभर पाणी घेतलं, तरातरा जिना चढले आणि दार वाजवलं.

दार घरमालकांनी, काशिनाथकाकांनीच उघडलं. अंगात गंजीफ्रॉक, हातात रिमोट. "कुठे आहेत त्या?" मी विचारलं. "कोन?" "पाणी मागणाऱ्या!" काका एकदा तांब्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले आणि मग असे हसले की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. मला आत बोलावून त्यांनी टीव्ही दाखवला. मैदानभर बसलेली माणसं, स्टेजवर एक म्हातारे गवई. कॅसेट मागे नेऊन त्यांनी तेवढंच पुन्हा लावलं. "ही माजी हिरा," ते म्हणाले, "आन गप बोल्ला तो मी." बोलता बोलता त्यांचं हसू आटलं. माझ्या हातातला तांब्या घेऊन त्यांनी सगळं पाणी गटागटा पिऊन टाकलं.

काका पावण्याचेच. बापाची जमीन कारखान्यांत गेली आणि त्यातल्याच एका कारखान्यात काकांची नोकरी झाली. पण विचारलं तर सांगायचे, "मी भजनवाला." गावच्या मंडळात त्यांनी उभा जन्म गायलं, तेही रागदारीला धरून. कुणी घाईघाईत अभंग उरकला की म्हणायचे, "बस पकरायची हाय का तुला? सूर पोटातून येव दे." तरुणपणी मुंबईत एका मैदानावर रात्र रात्र चालणारं मोठं संगीत संमेलन भरलं होतं, त्यावर कुणीतरी माहितीपट काढला. मंडळाबरोबर टेम्पोत बसून काका गेले आणि बायकोलाही घेऊन गेले. म्हाताऱ्या गवयांनी एक सूर असा लावून सोडला की सगळं मैदान श्वास रोखून बसलं, आणि नेमकी तेव्हाच हिराकाकींना तहान लागली.

पुढे त्या माहितीपटाची व्हिडिओ कॅसेट बाजारात आली. काकांनी ती त्या गवयांच्या गाण्यासाठी विकत घेतली, घरी येऊन लावली, तर त्यात बायको पाणी मागतेय! काकी म्हणे लाजून मोरीत जाऊन बसल्या. "अख्ख्या दुनियेत माजी शोभा केलाव," म्हणून दोन दिवस बोलल्या नाहीत. नंतर त्या वारल्या. मूलबाळ नव्हतं. फोटो भिंतभर होते, पण काकींचा आवाज जगात फक्त त्या कॅसेटमध्ये होता. "फोटोला काय करू?" काका म्हणायचे. "फोटो बोलतो थोराच?" आणि कॅसेट बंद करताना दर वेळी पुटपुटायचे, "माजा गप तेवरा पुसता आला असता ना, झाला असता."

व्हीसीडी निघाली तेव्हा काका वाशीला जाऊन पहिल्याच दिवशी घेऊन आले. दोन डिस्कमध्ये बसवायला कंपनीने कापाकापी केली होती, त्यात तो तुकडाच उडाला होता. मग डीव्हीडी आली. तिच्यात तुकडा होता, पण मूळ फिल्मचा आवाज त्या जागी खराब झालेला, म्हणून वरून कुणी भारदस्त गृहस्थ इंग्रजीतून रागाची माहिती सांगत होता. काका चिडले. "या बाबाला कोनी बोलावला? तिथे माजी बायको बोलतेय!" ती डीव्हीडी त्यांनी पुन्हा कधी लावली नाही.

नंतर व्हीसीआर बिघडला. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आले होते, पण वेळीच तो आवाज भरून घ्यावा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुरुस्तीवाल्याने कॅसेट उघडून बघितली, आत पांढरी बुरशी. "आता मशीनमध्ये घालू नका, काका. फीत तुटेल," तो म्हणाला. रविवार मुके झाले. मला सुरुवातीला ज्या आवाजाचा राग यायचा, त्याची मी वाट बघायला लागले होते. हिराकाकींना मी कधी पाहिलंही नव्हतं.

मग पेपरात आलं की तो माहितीपट नव्याने साफसूफ करून डिस्कवर काढणार आहेत, आणि खराब झालेल्या भागासाठी कंपनी जुन्या कॅसेटी शोधतेय. काकांना काय आनंद झाला! ऑफिस जवळच, महाप्याला. कॅसेट स्वच्छ रुमालात गुंडाळून ते स्वतः देऊन आले. "आता टेन्शन नाय," मला म्हणाले. "आता हिराला बुरशी नाय लागायची. घरोघरी बोलंल ती." कॅसेट एकदाच चालली. कामापुरता आवाज उतरला आणि फीत तुटून गोळा झाली, असा निरोप आला. काकांना त्याचंही काही वाटलं नाही. आवाज तर वाचला होता.

डिस्क आली त्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम वर बोलावलं. नवीन प्लेअर, नवीन स्पीकर. चित्र इतकं लख्ख की गवयांच्या कानातली भिकबाळी दिसत होती. सूर लागला, थांबला. काका पुढे सरकून बसले. टीव्हीतून काही आलं नाही. आणि मग, त्या शांततेत, अगदी स्पष्ट, एकच शब्द: "गप!"

काकांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा "गप!" कुणी काही बोललेलं नसताना. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर महाप्याला गेले. तिथला तरुण भला होता, त्याने चहा मागवला. "तुमच्या कॅसेटमुळेच झालं, काका! शेवटी तुमचं नाव टाकलंय, बघितलंत? सगळा कचरा काढला. खोकला, खुर्च्या, मध्येच कुणी बाई बोलत होती ती पण. एक 'गप' तेवढा राहिला, तो पुढच्या सुराला चिकटलेला होता. काढला असता तर गाणं बिघडलं असतं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तो कचरा कुठे टाकता तुमी?" त्यांनी विचारलं.

तो पोरगा हसला. "तो कुठेच नसतो, काका. डिलीट होतो. कच्ची कॉपी आम्ही ठेवत नाही."

ती बाई कोण होती, हे काकांनी त्याला सांगितलं नाही. येताना रिक्षात मी कंपनीच्या नावाने बोटं मोडत होते. ते म्हणाले, "त्याला काय माहीत? मी पन तिला तेच बोल्लो व्हतो ना."

त्यानंतर त्यांनी भजनाला जाणं सोडलं. जेवण टाकलं नाही, आजारी पडले नाहीत. नुसते कान लावून बसायचे. एका दुपारी खाली आले, माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, "पोरी, तू येवरी वर्सं ऐकलास. एकदा बोल ना तिच्यासारखी. मला तिचा आवाज लागत नाय."

मी कसेबसे ते चार शब्द म्हटले. काकांनी डोळे मिटले होते. "नाय. असा नव्हता." मी जरा हळू म्हटले, शेवटचा शब्द ओढून. "नाय गो." तिसऱ्यांदा मला रडूच येत होतं, तरी म्हटले. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"मगाशी थोरा थोरा येत व्हता कानात," ते म्हणाले. "आता तुजाच येतो."

आणि भिंतीला धरत धरत वर गेले. वर्षभराने काका वारले. तोवर जिन्यात भेटले की मी नुसती मान हलवायचे. त्यांच्यासमोर तोंडातून शब्द काढायची मला भीतीच वाटायची.