वरची बाजू वर

अशा श्रद्धांजलीच्या लेखात पहिल्याच ओळीत फोन वाजतो आणि लिहिणारा सुन्न होतो, हे तुम्हाला पाठ असेल. फोन माझाही वाजला, पण सुन्न वगैरे काही झालो नाही, कारण मला कळलंच नाही. झुबेदाआपा म्हणाल्या, "नसीमा गेली रे." मी म्हटलं, "एकट्याच? भरती कधीची आहे ते तरी बघितलं का?" ...त्या दोघी बहिणींच्या घरात 'गेली' म्हणजे खाडीवर गेली. दुसरीकडे कुठे जाणारी बाईच नव्हती ती. आपांनी दफन किती वाजता ते सांगितलं, तेव्हा कळलं. आता 'हसतमुख, मनमिळाऊ, सगळ्यांच्या लाडक्या' याची वाट बघत असाल तर सॉरी. नसीमा मॅडम कायम वैतागलेल्या असायच्या.

त्या पनवेलला कॉलेजात बॉटनी शिकवायच्या आणि मी त्यांच्या वर्गातला नकलाकार. एसटी स्टँडवरचा अनाउन्सर, पॅसेंजर ओढणारा रिक्षावाला, प्रिन्सिपल, सगळे माझ्या घशात. एकदा ऑफ पिरियडला मॅडमची नक्कल रंगात आली होती आणि मॅडम दारात. त्या म्हणाल्या, "आवाज बरा काढतोस. अंगात जोर आहे का?" पुढच्या रविवारी मी गव्हाणच्या खाडीत, मांडीपर्यंत गाळात रुतून डोक्यापेक्षा उंच पाइप खाली दाबत होतो. पाइपात गाळ भरतो, तो तसाच अख्खा उपसायचा. थरावर थर बसलेला असतो, खाली जुना, वर नवा. त्यात त्या त्या काळातल्या झाडांचे परागकण अडकलेले, साध्या डोळ्यांना न दिसणारे. मॅडम मायक्रोस्कोपला डोळा लावून बोलत सुटायच्या, "हे बघ, इथून भात सुरू झालं. म्हणजे कुणीतरी बांध घालून खारं पाणी अडवलं. त्याच्या खाली सगळं तिवर, खाऱ्या पाण्यातलं. आणि त्याच्याही खाली लव्हाळं... म्हणजे तेव्हा इथे पाणी गोडं होतं, गाढवा!" मला तिथे फक्त ठिपके दिसायचे. पण "हो हो, गोडं" असं मी त्यांच्याच आवाजात म्हणायचो.

पाइपाचे हातभर तुकडे करून, तोंडं बांधून, रिक्षातून आणायचे. पहिल्याच वेळी मी एक तुकडा गुडघ्यांत उलटा धरला. मॅडम अशा ओरडल्या की रिक्षावाल्याने ब्रेकच मारला. "वरची बाजू वर! वरची बाजू वर!" मग जरा शांत होऊन म्हणाल्या, "उलटा वाचला तर काय होईल माहितीये? सगळ्यात आधी भराव नि प्लास्टिक, मग भात, आणि शेवटी तिवरच तिवर." मी म्हटलं, "मॅडम, मग उलटाच वाचूया ना." त्या हसल्या नाहीत. बाजूने जासईकडे कंटेनर चालले होते, एकामागून एक. त्या ते मोजत बसल्या.

गव्हाणची एक कोळीण दर वेळी विचारायची, "मॅडम, चिखलान काय सोना हाय काय?" मॅडम तिला सांगायच्या, "तुझ्या पणजीची खाडी आहे यात." ती खो खो हसायची. "पणजीची ठेवा तुमी. आमाला आता निवट्या कुठं गावतील, ता सांगा." निवट्या म्हणजे गाळात राहणारे मासे, तेही आता कमीच; मॅडम पाइपाचं तोंड बांधायला लागायच्या. एकदा रिक्षात मी ती कोळीण हुबेहूब करून दाखवली, तर म्हणाल्या, "ही नक्कल नको करूस." बाकी सगळ्या चालायच्या.

शेवटचा पाइप आम्ही काढला तेव्हा पलीकडच्या टोकाला डंपर रिकामे होत होते. आता तिथे सगळा भराव आहे, वर रस्ता आहे. तिथला गाळ पुन्हा काढता येणार नाही, म्हणजे त्या जागेचं जे काही उरलंय ते त्या हातभर तुकड्यांत. मॅडमना तो वाचायचा होता. "हा झाला की सुटले," म्हणायच्या. पण आधी डोळ्यांनी दगा दिला, मग किडनीने, आणि मग... गेल्या. तो गाळ वाचून घ्यायला मी मोठमोठ्या संस्थांत फोन केले. एका साहेबांनी विचारलं, कुठल्या प्रोजेक्टचं सॅम्पल? म्हटलं, मॅडमचं. त्यांनी नम्रपणे फोन ठेवला. कॉलेजात त्यांच्या जागी कुणी आलेलं नाही. आणि मी? मला पाइप दाबता येतो, मॅडमचा आवाज काढता येतो. गाळ वाचता येत नाही. शिकेन म्हणालो असतो, पण शिकवणार कोण?

त्यांच्या घरी दोन फ्रीज. एकात मासळी, दुसऱ्यात गाळ. ईदला एकदा पाहुण्यांनी शीरखुर्म्यासाठी चुकीचा उघडला होता, तो किस्सा आपा अजून सांगतात. परवा, मॅडमचा चाळिसावा दिवस होऊन गेल्यावर, मी गेलो तेव्हा आपा आत पडल्या होत्या. मी गाळाचा फ्रीज उघडला. लाइट सारखी जात असते, त्यामुळे तुकड्यांमधला गाळ आक्रसून तडकलाय, कडेने पांढरी बुरशी. एक तुकडा हातात घेतला आणि मुद्दाम उलटा धरला. भराव खाली, तिवर वर. बघत बसलो... आणि तोंडातून आपोआप मॅडमच्या आवाजात निघालं, "वरची बाजू वर!"

आतून आपा पटकन म्हणाल्या, "आलीस? चहा ठेवू?"

मग बाजेचा आवाज, मग भिंत धरत येणाऱ्या सपाता. दारात उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघितलं, आणि असा तोंडाचा पट्टा सुटला की शेजारच्या खिडक्या उघडल्या. "बेशरम! मेलेल्या माणसाचा आवाज काढतोस? तौबा तौबा! या घरात पुन्हा तो आवाज काढलास तर जीभ हासडीन, सांगून ठेवते. आणि ते सरळ ठेव आधी. दार लाव फ्रीजचं! किती वेळ उघडं टाकलंयस... आल्यावर मला बोलेल ती."