कांडी संपली की

वडगावात माझ्या घरासमोर पॉवरलूमची शेड आहे. तिथं साड्या विणणाऱ्या पोरीचं नाव मी कधी विचारलं नाही. मागाच्या चौकटीला तिनं मोबाईल बांधलेला, त्यात कुणी मास्तर गणित शिकवायचा. पण त्या खडखडाटात ऐकू काय येणार? धोट्यातली आडव्या धाग्याची कांडी संपून माग थांबला, की ती मास्तरला सुरू करायची. नवी कांडी घालेपर्यंत ऐकायची आणि माग चालला की तेच पुटपुटत राहायची.

"धागा बघ गं, मोबाईल काय बघतीस!" मी एकदा दरडावलं.

"आप्पा, पीयूसीला, म्हंजे बारावीला, गणित राहिलंय. ह्या बारीला राहिलं तर जन्मभर ह्योच माग."

मी तिसरीतनं शाळा सोडून जन्मभर माग चालवलेला माणूस. तिच्या साडीत खोट शोधली, सापडली नाही. लई राग आला.

परीक्षेदिवशी मालक सुट्टी देईना. मीच म्हटलं, "जा गं. माग मी बघतो."

मोबाईल परीक्षेत चालत नाही म्हणून मागालाच राहिला. पहिली कांडी संपली. मी पडद्यावर बोट दाबलं, मास्तर बोलाय लागला. मला काही कळलं नाही. नवी कांडी घातली आणि ती कधी संपते, तेच बघत राहिलो.